चार वायरी जोडल्या की झालं? नाही, झालं नाही

मराठवाड्यात मॉडेल रेल्वेचा नाद असणारी माणसं थोडीच. परभणी, लातूर, नांदेड, संभाजीनगर धरून सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून एकच मेसेज चारी बाजूंनी येतो. सध्याचा डीसीसीबद्दल, म्हणजे रुळांतून डिजिटल हुकूम पाठवून इंजिन चालवायच्या पद्धतीबद्दल, आणि ते हुकूम ओळखणाऱ्या डिकोडर नावाच्या इंजिनातल्या छोट्या सर्किटबद्दल: ‘डीसीसी रेडी हा कंपन्यांचा पैसे काढायचा धंदा आहे. जुनं स्वस्त इंजिन घ्या. लाल-काळी वायर रुळाकडची, नारिंगी-करडी मोटरची, जोडली की झालं. एक अँपियरचा डिकोडर कशालाही चालतो. आणि डिकोडर खोचायचं सॉकेट असेल तर बघायचंच काही नाही.’

वायरींचे रंग बरोबर आहेत. बाकीच्यावर भरवसा ठेवून नव्या पोरांनी पैसे घालवू नयेत, म्हणून हे लिहितोय.

आधी ‘जोडली की झालं’ हे घेऊ. डीसीसीत रुळांत पूर्ण वीज कायम असते. आपल्या पत्त्यावरचा (म्हणजे त्या इंजिनाच्या क्रमांकाचा) हुकूम ओळखून मोटरला किती द्यायची ते डिकोडर ठरवतो. त्यामुळे मोटर आणि रूळ यांचा थेट संबंध असता कामा नये. जुन्या साध्या डीसी इंजिनांत (रुळांतली वीज थेट मोटरला जाणाऱ्या) तो बहुतेक वेळा असतोच, कारण चासीच, म्हणजे इंजिनाचा धातूचा सांगाडाच, एका रुळाची वायर म्हणून वापरलेली असते.

माझ्या मावसभावानं असंच एक जुनं डिझेल घेतलं आणि चार वायरी जोडून आणलं. रुळावर ठेवलं, चाक जरा हललं, आणि बॉडीच्या फटीतून धुराची बारीक रेघ निघाली. उघडून पाहिलं तर मोटरच्या पोटाखालची पितळी ब्रशपट्टी (मोटरला वीज पोचवणारी पट्टी) सरळ चासीला टेकलेली. डिकोडर गेला तो गेलाच. मग पट्टीला करडी वायर सोल्डर केली, खाली कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न जाऊ देणारी चिकटपट्टी) लावली, मोटरचं प्रत्येक टोक आणि दोन्ही बाजूंची चाकं यांच्यात मल्टीमीटर लावला. बीप, म्हणजे कुठं जोड असल्याची खूण, आला नाही, तेव्हा कुठं दुसरा डिकोडर जोडला. आधी प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, म्हणजे डिकोडरचा पत्ता वाचायच्या-बदलायच्या वेगळ्या रुळावर, ठेवून कारखान्यातला ३ हा पत्ता वाचला गेला, मगच मुख्य रुळावर. प्रोग्रॅमिंग ट्रॅकला वीज बेताचीच मिळते, चूक असली तरी डिकोडर जळण्यापासून वाचायची संधी असते. त्यानं आधी हेच केलं असतं तर पहिला वाचला असता.

म्हणूनच ‘डीसीसी रेडी’ला नुसतं लुटणं म्हणणं मला पटत नाही. त्यात डिकोडर नसतो, हे खरं. पण मोटर चासीपासून सोडवलेली आणि वायरी सॉकेटपर्यंत आणलेल्या मिळतात. किंमत त्या कामाची आहे. उलट, जुन्या इंजिनातही मोटरची दोन्ही टोकं मोकळी असतील तर सॉकेट नाही म्हणून ते सोडू नका. सोल्डरिंगचा हात असेल तर ते सोपं काम आहे.

एक अँपियरचं म्हणाल तर मोजून बघा. साध्या १२ व्होल्ट डीसीवर अ‍ॅमीटर लावून क्षणभर चाकं धरा. आकडा डिकोडरच्या मर्यादेच्या वर गेला तर तो त्या मोटरसाठी नाही. जुन्या उघड्या मोटरी कधी कधी अँपियरच्याही वर जातात.

सॉकेटचं थोडक्यात: ८ पिन, २१ पिन, नेक्स्ट१८ हे वेगवेगळे, एकाचा डिकोडर दुसऱ्यात जात नाही. ८ पिनचा उलटा बसला तर इंजिन चालतं, दिवे लागत नाहीत. आणि सॉकेट असलं तरी आवाजाच्या स्पीकरला जागा असेलच असं नाही.

जागेचा प्रश्न सगळ्यात जास्त लातूरकरांना. लातूरला जाणारी बार्शी लाइट रेल्वे १८९७ ची, तिच्या दोन रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर होतं. एचओ स्केलच्या (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाच्या मॉडेलच्या) ८७ नं भागा, पावणेनऊ मिलिमीटर येतात. म्हणून ती करायची तर त्याहून लहान एन स्केलचा ९ मिलिमीटरचा रूळ आणि बहुधा एन स्केलचीच चासी घ्यावी लागते. अशा कितीतरी चासी म्हणजे धातूचे दोन अर्धे भाग, एकेक भाग एकेका रुळाचा, आणि आत बोट जाईल एवढीही फट नाही. तिथं कारखान्याची दिव्याची सर्किट-पट्टी काढून त्याच मापाचा डिकोडर बसतो का, हे आधी बघायचं. नाहीतर तो टेंडरमध्ये (वाफेच्या इंजिनामागच्या कोळशा-पाण्याच्या डब्यात) किंवा मागच्या डब्यात ठेवून बारीक वायरी पुढं आणायच्या.

जुनं इंजिन घेताना मी विकणाऱ्याकडं इंजिनाच्या रंगाचे फोटो मागत नाही. बॉडी काढून मोटरच्या खालच्या बाजूचा एक फोटो मागतो, आणि तो आल्याशिवाय पैसे पाठवत नाही.