‘साठीत विशीचा मेंदू’? फॉरवर्ड करण्याआधी जरा थांबा

ऊन तापलं तसा सोलापुरातल्या ज्येष्ठांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायलाय. रोज अर्धा तास मोबाइलवर गेम खेळा, साठीतही मेंदू विशीचा होतो हे अमेरिकेत सिद्ध झालंय, स्मृतिभ्रंश होत नाही, उन्हातान्हात फिरायचीही गरज नाही. खाली अ‍ॅपची लिंक.

‘विशीचा मेंदू’ अगदीच हवेतला नाही. २०१३ साली ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात सॅन फ्रान्सिस्कोचा एक प्रयोग छापून आला. ६० ते ८५ वयाच्या लोकांनी ‘न्यूरोरेसर’ खेळला: वळणाच्या रस्त्यावर गाडी सांभाळायची आणि ठरावीक खूण दिसली की लगेच बटण दाबायचं. महिनाभरात १२ तास सराव झाल्यावर ही दोन कामं एकदम करण्यात ते विशीतल्या पोरांच्या पुढे गेले. पण ती पोरं सराव न केलेली होती, आणि तुलना त्याच खेळातली! लक्ष टिकवण्याच्या वेगळ्या चाचणीतही सुधारणा दिसली, हे खरंय. तरी खेळ खास प्रयोगासाठी बनवलेला आणि माणसं मोजकीच. त्यावरून लुडोला प्रमाणपत्र कसं द्यायचं?

स्मृतिभ्रंश होत नाही, हे कोणीच सिद्ध केलेलं नाही. ‘अ‍ॅक्टिव्ह’ या अमेरिकी अभ्यासात ६५ वर्षांवरचे २,८०२ लोक होते. पडद्यावरची चित्रं झटपट ओळखण्याचा सराव केलेल्यांत दहा वर्षांत धोका २९ टक्के कमी आढळला; कमी, संपला नाही. स्मरणशक्तीचे धडे घेतलेल्या गटात मात्र तसा फरक दिसला नाही.

सगळ्यात घातक वाक्य फिरण्याबद्दलचं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली. त्यात रक्तदाब, मधुमेह, व्यायामाचा अभाव, एकटेपणा आणि कमी ऐकू येणं आहे. गेम न खेळणं नाही. पारा चाळिशीपार गेला की दुपारी उन्हात बाहेर पडू नये, कबूल. मग पहाटे संभाजी तलावाला चक्कर मारा की! चार माणसं भेटतात, बोलणं होतं. आणि टीव्हीचा आवाज वाढवत बसण्यापेक्षा कान तपासून घ्या. आपल्याकडे चष्म्याची लाज वाटत नाही, श्रवणयंत्राची वाटते.

राहिली लिंक. ‘ल्युमॉसिटी’ या ब्रेन-गेम कंपनीने असेच दावे केले होते. २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करताना तिला २० लाख डॉलर मोजावे लागले. आवड म्हणून गेम जरूर खेळा, नातवंडांबरोबर तर नक्कीच. फक्त ‘सात दिवस फुकट’ दिसलं, तर ऑटोपेला (खात्यातून आपोआप पैसे कापण्याला) होकार देण्याआधी तो बंद कसा करायचा ते पोरांना विचारून ठेवा.