बरणीतल्या पतंगाचे पंख का चुरगळले: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मून मॉथ हा मोठा पतंग कोषातून निघाल्यावर आठवडाभर काहीच खात नाही, हे माझ्या लेखातलं म्हणणं तुम्हाला पटलेलं नाही, म्हणून कालपासून तुम्ही त्याला मध देत आहात. शिवाय बरणीत ठेवलेल्या कोषाला हात न लावताही पंख चुरगळलेलेच निघाले, तेव्हा कोष हलवू नका हा लेखातला सल्लाच चुकीचा, असं तुमचं म्हणणं आहे.

मध कृपया बंद करा. मून मॉथ, ॲटलस, टसर (टसर रेशीम देणारा पतंग) हे सगळे सॅटर्निडी कुळातले. यांच्या प्रौढ पतंगाची सोंड खुंटलेली असते. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो साधारण ५ ते १० दिवस काढतो. मधाने पाय आणि खवले तेवढे चिकट होतात. खाण्याचं सगळं काम अळीचं. गडचिरोली-भंडाऱ्यात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसर पाळणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं: अळी ४ वेळा कात टाकते, पावसाळ्यातल्या खेपेत महिना-सव्वा महिना खाते आणि बहुतेक पाला शेवटच्या टप्प्यात फस्त करते. तेव्हा पाला कमी पडला की कोसा, म्हणजे टसरचा कोष, हलका होतो.

आता पंख. दोष कोष न हलवण्यात नाही, बरणीत आहे. कोषातून निघालेल्या पतंगाचे पंख ओलसर आणि नखाएवढे असतात. तो लगेच वर चढतो, उलटा लोंबकळतो आणि शरीरातला द्रव पंखांच्या शिरांमध्ये ढकलतो. साधारण अर्ध्या तासात पंख पसरतात, मग कडक व्हायला काही तास लागतात. गुळगुळीत काचेवर पायांची नखं रुतत नाहीत. पतंग घसरून तळाशी पडतो, पंख दुमडलेले तसेच वाळतात आणि नंतर ते सरळ होत नाहीत. तळाशी दिसलेलं तपकिरी पाणी म्हणजे रक्त नव्हे, कोषावस्थेत साठलेली विष्ठा.

पुढच्या वेळी कोष जाळीच्या पिंजऱ्यात, उन्हापासून दूर ठेवा. आत खरखरीत काटकी उभी लावा, वर वीतभर मोकळी जागा सोडा. हवा फार कोरडी असेल तर पाण्याचा हलका फवारा पुरे. घाई करून कोष कापू नका.

तुमच्या पतंगाचं पोट जाड आणि शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) अरुंद असतील तर ती मादी आहे. आज अंधार पडताच तिला बाहेरच्या फांदीवर ठेवा आणि व्हरांड्यातला दिवा बंद करा. तिला उडता आलं नाही तरी चालेल. जवळपास नर असेल तर तो तिच्या गंधावर येईल.