पाणबुड्याचं घड्याळ आणि बेसिनचा नळ

ऑफिसात डबा उघडायच्या आधी मी मनगटावरचं घड्याळ काढतो, चष्म्याच्या कापडात गुंडाळतो, शर्टाच्या खिशात टाकतो आणि मग खिशावर एक डोळा ठेवून जेवतो. कारण जेवणानंतर हात धुवायचे असतात आणि आमच्या मजल्यावरच्या बेसिनचा नळ उडतो. शेजारच्या टीममधला एक पोरगा हे बरेच दिवस बघत होता. शेवटी परवा त्याला राहवलं नाही.

"सर, त्याच्यावर 150 मीटर लिहिलंय ना?"

"हो."

"म्हणजे समुद्रात 150 मीटर खाली चालतं?"

"हो."

"मग नळाला काय?"

याला उत्तर आहे पण ते लांबलचक आहे आणि त्यात माझी अब्रू जाते, म्हणून तिथे मी नुसतं हसलो. इथे सांगतो.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्यामुळे डॉक्टरांनी माझं ट्रेकिंग बंद केलं आणि रविवार रिकामे झाले. रिकामा माणूस मोबाईलवर काय काय वाचतो, तर मी जुन्या डायव्हिंगच्या घड्याळांबद्दल वाचायला लागलो. मला पोहता येत नाही हे आधीच सांगून टाकतो. पण वाचायला कुठे पोहता यावं लागतं! रात्री एक-एक वाजेपर्यंत पांघरुणात मोबाईल धरून बसायचो आणि बायको कूस बदलत विचारायची, "आता कोण बुडतंय?"

बुडता बुडता वाचलेला एक माणूस खरंच होता. ब्लांपाँ या स्विस कंपनीचा प्रमुख जाँ-जाक फिएश्टर, स्वतः हौशी पाणबुड्या, एकदा पाण्याखाली रमला, वेळेचं भान सुटलं आणि टाकीतली हवा संपत आली. वर आल्यावर त्याने ठरवलं की पाणबुड्यासाठी वेगळंच घड्याळ पाहिजे. तेवढ्यात फ्रेंच सैन्याच्या, पाण्याखालून पोहत जाऊन लढणाऱ्या जवानांच्या तुकडीचे बॉब मालूबिए आणि क्लोद रिफो हे दोघे अधिकारीही तसंच घड्याळ शोधत होते. त्यातून 1953 साली फिफ्टी फॅदम्स आलं. फॅदम म्हणजे आपली वाव हो, दोन्ही हात पसरल्यावर होते ती, कोकणात अजून समुद्र वावेतच मोजतात. पन्नास वाव म्हणजे 300 फूट, 91 मीटर. त्याच सुमाराला रोलेक्सचं सबमरिनर, आणि मग सगळ्यांचीच रांग लागली. सेइकोने 1965 मध्ये जपानचं पहिलं काढलं. डोक्साने 1967 मध्ये झेंडूसारखी भगवी डायल काढली, गढूळ पाण्यातही दिसावी म्हणून, आणि कडेच्या फिरत्या रिंगवर किती खोलीवर किती मिनिटं थांबलं तर चालेल याचा तक्ताच छापून टाकला. मला ते डोक्सा इतकं आवडतं की त्याची किंमत मी रुपयांत कधी करूनच बघितली नाही.

फाव्र-ल्यूबाने तर 1968 मध्ये बॅथी नावाचं घड्याळ काढलं, त्यात वेळेसोबत खोलीही काट्यावर दिसायची. हे वाचून मी उठून बसलो, कारण बाबांचं फाव्र-ल्यूबा अजून कपाटात आहे. सकाळी पहिलं काम, कपाट उघडलं. सी किंग निघालं. नावातला सी सोडला तर त्याचा समुद्राशी काही संबंध नाही, साधं चावीचं घड्याळ. आई म्हणाली, "तुझे बाबा ते घालून देवळाच्या टाकीवर पायसुद्धा धूत नसत." म्हणजे आमच्याकडे हे घराण्यातच आहे.

आता या छंदातली एक गंमत सांगतो. जुन्या डायव्हिंग घड्याळात जे जे खराब झालेलं असतं त्याला इंग्रजीत एक गोड नाव असतं आणि त्याचे जादा पैसे पडतात. काळी डायल उन्हाने विटून चॉकलेटी झाली, ती ट्रॉपिकल. काळी रिंग झिजून राखाडी पडली, ती घोस्ट. काट्यांवरचं चकाकणारं पिवळट होऊन भाकरीच्या पापुद्र्यासारखं दिसायला लागलं, तो पॅटिना. आमच्या मोरीतली बादली या हिशेबाने लाखाच्या घरात जायला हरकत नाही. आणि ते चकाकणारं म्हणजे पूर्वी खरोखर रेडियम असायचं बरं का, साधारण साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत. ते धोक्याचं म्हणून मग ट्रिटियम आलं, ते दर बारा वर्षांनी निम्मं होत जातं, त्यामुळे आज ती घड्याळं अंधारात काही दाखवत नाहीत. आपल्याकडे मात्र नंबर प्लेटपासून रिक्षाच्या मागच्या "आई-बाबांचा आशीर्वाद"पर्यंत सगळ्याला अजून रेडियमच म्हणतात.

तर एवढा अभ्यास झाल्यावर मी ठरवलं की आपल्याला झेपेल असं एकच आहे, सेइको 6309. 1976 ते 88 पर्यंत निघायचं, जाडजूड, गोलसर, कासवाच्या पाठीसारखी केस (बाहेरचं धातूचं कवच) म्हणून जगभर त्याला टर्टल म्हणतात, चावी 3 च्या आकड्यापाशी नसून 4 पाशी, म्हणजे मनगट वाकवलं तरी टोचत नाही. (रशियन अँफिबियाही घेता आलं असतं, चिस्तोपोलच्या कारखान्यातलं, 1967 पासूनचं. त्याची अक्कल मला फार आवडते, पाण्याचा दाब जितका वाढेल तितकं मागचं झाकण रबरावर जास्त घट्ट बसतं, म्हणजे शत्रूलाच कामाला लावलंय. आणि चावीचे आटे सोडले की ती लडबडते, तीही मुद्दाम, धक्का बसला तर आतल्या दांडीला लागू नये म्हणून. नवशिक्याने खरं तर तेच घ्यावं. मी घेतलं नाही कारण मी स्वतःला नवशिका समजत नव्हतो.)

जुन्या बाजारात, मंगळवार पेठेत, एका रविवारी ते मला दिसलं. ताडपत्रीवर नळाच्या तोट्या, एक हार्मोनियमचा भाता, रिमोटचा ढीग आणि मध्ये ते. मी विक्रेत्यासमोर अजिबात उत्साह न दाखवता आधी दोन रिमोट बघितले, तोटीची चौकशी केली आणि मग अगदी सहज म्हणून "आणि हे?" विचारलं. तो म्हणाला, "दहा हजार." मी म्हटलं, "काहीतरीच काय." साडेसहाला तुटलं. मला वाटलं मी त्याला गंडवला. तोटीही घ्यावी लागली, ऐंशी रुपये.

घरी आल्यावर लक्षात आलं की तारीख वाकडी आहे. म्हणजे चुकीची नाही, तारखेचा आकडाच मान वाकडी करून खिडकीतून बघतोय आणि कडेला थोडा कापलेला. वारही तसाच तिरका, आणि अरबीत. बायकोने विचारलं तेव्हा मी क्षणभरही न थांबता सांगितलं की पोहताना हात तिरका असतो ना, तेव्हा ती सरळ दिसावी म्हणून तशी छापलेली असते. तिने मान हलवली. मला स्वतःलाही ते पटलं, आठवडाभर तरी.

मग मी ते पेठेतल्या एका घड्याळवाल्या काकांकडे सर्व्हिसिंगला नेलं. काकांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण फिरवून काढलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग भिंग न काढताच विचारलं,

"केवढ्याला घेतलंत?"

"साडेसहा."

"हजार?"

मी हो म्हटल्यावर त्यांनी भिंग काढलं आणि पोराला चहा सांगितला. दोन. डॉक्टरने रिपोर्ट बघून आधी बसायला सांगावं ना, तसं झालं ते.

"हे बघा," काका म्हणाले, "केस खरी आहे. झाकणावरचा नंबर बघा, पहिला आकडा सालाचा, दुसरा महिन्याचा, म्हणजे 80 सालच्या मे महिन्यातली. पण मशीन साध्या सेइको फाइव्हमधलं, ज्याची चावी 3 वर असते तसलं. ते या केसमध्ये फिरवून बसवलंय, म्हणून तारखेची मान मोडलीये. वार अरबी, म्हणजे गल्फमधून कुणीतरी आणलेलं असणार. डायल रंगवलेली, हे बघा, वॉटरमधला आर शेजाऱ्याच्या अंगावर पडलाय. काटे तिसऱ्याच घड्याळाचे. घर खरं आहे, माणसं भाड्याची."

"आणि 150 मीटर?"

काकांनी चिमट्याने झाकणाच्या कडेची खाच दाखवली. तिथे रबराची रिंग असायला पाहिजे. खाच रिकामी होती. म्हणजे नुसती रिकामी नव्हती, तिथे वर्षानुवर्षांचा मळ इमानदारीत बसला होता. "सध्या पाणी अडवायचं काम हाच करतोय," काका म्हणाले, "म्हणून मी पुसत नाही."

मग मला कळलं की असल्या घड्याळांना जगभरातले शौकीन "मुंबई स्पेशल" म्हणतात. आपल्याकडे जुन्या सुट्या भागांतून जोडलेली, डायल नव्याने रंगवलेली घड्याळं बाहेर इतकी विकली गेलीत की लंडन-न्यूयॉर्कमधली माणसं एकमेकांना सावध करतात, बाबांनो, फार चकचकीत डायल दिसली तर लांब राहा. हे वाचून पुणेकर म्हणून मला पहिल्यांदा आनंदच झाला. दुसऱ्यांदा आठवलं की मी ते मंगळवार पेठेतून घेतलंय.

काकांनी रबर बसवायची तयारी दाखवली, पण म्हणाले की चावीचे आटेही गेलेत, त्यामुळे दार लावून खिडकी उघडी ठेवल्यासारखं होईल. खरी चावी, खरी डायल, खरं मशीन मिळवत बसलं तर खर्च कुठल्या कुठे. मी ते तसंच परत घातलं. माणूस साडेसहा हजार मनगटावरून उतरवत नाही.

तेव्हापासून पाणी हा माझा शत्रू. पावसाळ्यात स्कूटरवर घड्याळ दुधाच्या पिशवीत, पिशवी डिकीत, आणि वेळ बघायला मोबाईल, जो बिनधास्त भिजतो. मध्यंतरी तारकर्लीला गेलो होतो. पोरांनी स्कूबा केलं, मी होडीत बसून राहिलो. डायव्हिंगचं घड्याळ चक्क समुद्रापर्यंत पोचलेलं, आणि मी ते काढून मोज्यात घालत होतो. तिथला शिकवणारा पोरगा बघत होता. "घड्याळ कित्याक काढलास? पाण्यातला दिसता मां." मी म्हटलं, पट्टा सैल झालाय. ऑस्ट्रेलियात 1983 साली समुद्रकिनाऱ्यावर एक सिटिझनचं डायव्हिंग घड्याळ सापडलं होतं, सगळ्या अंगावर समुद्रातल्या कवचवाल्या जिवांचा थर चढलेला, आणि तरी चालू. हे मी त्याला सांगणार होतो, पण कुठल्या तोंडाने सांगणार!

एक उपयोग मात्र मी शोधून काढला. कडेची ती फिरणारी रिंग. पाण्यात उतरताना तिच्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा, मग किती मिनिटं झाली ते सरळ वाचता येतं. पुढच्या घड्याळांत ती एकाच दिशेने फिरते, धक्का लागला तर झालेली मिनिटं जास्तच दिसतात, कमी नाही, म्हणजे चूक झाली तरी माणूस लवकर वर येतो. माझी दोन्हीकडे फिरते. तर मी तिच्यावर कुकर लावतो. राजम्याच्या तीन शिट्ट्या झाल्या की त्रिकोण लावायचा आणि मग मंद आचेवर पंधरा मिनिटं.

परवा बुधवारी रात्री असाच त्रिकोण लावून उभा होतो. पंधरा मिनिटं झाली, गॅस बंद केला, आणि आतून बायको ओरडली, "झाला का रे?" मी बघायला म्हणून डाव्या हातानेच शिट्टी उचलली. जी वाफ आली ती सगळी मनगटावर. हात झटकून घड्याळाकडे बघतो तर काचेच्या आत धुकं. डायल नाही, काटे नाहीत, सगळं माथेरान. ना नळ, ना पाऊस, ना तारकर्ली. राजमा.

तांदळाच्या डब्यात ठेवलं की ओल ओढून घेतं म्हणतात, म्हणून ठेवलं, कुणाला न सांगता. सकाळी दात घासत होतो तर आईने भातासाठी डबा उघडलेला. मला वाटलं आता ऐकावं लागणार. तर तिने घड्याळ तांदळातून वर काढलं, पदराने पुसलं, उजेडाकडे धरलं आणि फ्रिजवर मी हौसेने लावलेला कागद बघितला, अहद, इथनैन, सुलासा, खाली आपले वार. घड्याळाकडे मान वाकडी करून बघितलं, परत कागदाकडे.

"खमीस," ती म्हणाली. "म्हणजे गुरुवार ना रे? मग माझा उपास. दोनच वाट्या घेते."

आणि घड्याळ परत तांदळात खुपसून तिने झाकण लावलं.