बे ऑफ पिग्ज पेपरवाल्यांनी बुडवली म्हणे!

मामांनी तो फॉरवर्ड पाठवला, वर "बघ तुमचे पेपरवाले" अशी मल्लिनाथी. मजकूर थोडक्यात असा: १९६१ साली क्यूबाचे सत्ताधीश कॅस्ट्रो यांना उलथवायला निघालेली बे ऑफ पिग्जची मोहीम कडेकोट गुप्त होती, ती न्यूयॉर्क टाइम्सने फोडली. मोहीम परागंदा क्यूबन नेत्यांचीच होती, अमेरिकेने नुसता हात दिला. त्यात ऐनवेळी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींनी विमानं आवरली. सबब, पेपरांना वेसण हवी.

गुप्त? ग्वाटेमालातल्या 'ला होरा' या दैनिकाने तिथल्या, या मोहिमेच्या प्रशिक्षण छावणीची बातमी ऑक्टोबर १९६० मध्येच दिली होती. टाइम्सने तर ७ एप्रिलच्या आपल्याच बातमीला कात्री लावली. सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेचं नाव गेलं, हल्ला तोंडावर आलाय हे गेलं, चार कॉलमांचा मथळा एका कॉलमावर आला. पुढे केनेडींनीच टाइम्सच्या संपादकांना सांगितलं की तुम्ही आणखी छापलं असतंत तर आम्ही मोठ्या चुकीतून वाचलो असतो.

पण खरा कहर आहे तो "नेत्यांचीच मोहीम" या वाक्यात. १७ एप्रिलला सुमारे १,४०० परागंदा क्यूबन किनाऱ्यावर उतरले, तेव्हा त्यांचे म्हणवले जाणारे पुढारी होसे मिरो कार्दोना आणि त्यांच्या क्रांतिकारी परिषदेचे नेते कुठे होते? फ्लोरिडात ओपा-लोका विमानतळावरच्या एका घरात, पहाऱ्यात. लढाई सुरू झाल्याचं त्यांना रेडिओवरून कळलं. मात्र त्यांच्याच नावाने न्यूयॉर्कमधून पत्रकं निघत होती: मजकूर सीआयएचा, वाटप लेम जोन्स या जनसंपर्क व्यावसायिकाचं. डाव फसल्यावर एक पत्रक म्हणालं की ही स्वारी नव्हतीच, आत लढणाऱ्यांना रसद पोचवली एवढंच! ज्यांच्या तोंडी हे घातलं त्या मिरो कार्दोनांचा मुलगा त्या तुकडीत होता आणि कैद झाला. असे हे मोहिमेचे धनी.

हे कॅस्ट्रोचं म्हणणं नाही, बरं का. सीआयएचेच महानिरीक्षक लायमन कर्कपॅट्रिक यांचा ऑक्टोबर १९६१ चा अहवाल १९९८ पर्यंत दडवला होता, आता कुणीही वाचावा. नोव्हेंबर १९६० पर्यंतच गुप्तता संपली होती, परागंदा नेत्यांना कठपुतळ्या करून टाकलं, आणि अमेरिकेला हात झटकता येतील ही आशा केविलवाणा भ्रम होती, असं त्यात आहे. वेसण कोणाला हवी होती?

आता विमानांचं. दुसरा हवाई हल्ला रद्द झाला आणि त्याने मोठं नुकसान झालं, हे मान्य करावंच लागेल. पण रद्द का झाला? १५ एप्रिलला निकाराग्वातून गेलेल्या सीआयएच्या आठ बी-२६ बॉम्बफेकी विमानांनी क्यूबाचे विमानतळ झोडपले. त्याच दिवशी क्यूबन हवाई दलाच्या रंगातलं आणखी एक बी-२६ मायामीला उतरलं. वैमानिक म्हणे कॅस्ट्रोचाच, बंड करून पळालेला. बातमीदारांनी विमान नीट पाहिलं: कॅस्ट्रोच्या बी-२६ चं नाक पारदर्शक असे, याचं धातूचं होतं, आणि बंदुका चाललेल्याच नव्हत्या. इकडे संयुक्त राष्ट्रांत अमेरिकेचे राजदूत स्टीव्हन्सन त्याच विमानाचा फोटो पुरावा म्हणून दाखवून बसले होते, कारण खरं काय ते त्यांनाही सांगितलेलं नव्हतं. हल्ला कॅस्ट्रोच्याच बंडखोर वैमानिकांचा, ही थाप उघडी पडली, जगापुढे शोभा झाली, आणि आणखी शोभा नको म्हणून १६ तारखेच्या रात्री दुसरा हल्ला थांबवला गेला.