दीर्घ मुदत कोणाची?

सप्टेंबर २०२४ मध्ये सेन्सेक्स ८५,९०० च्या वर जाऊन आला आणि मार्च २०२५ च्या सुरुवातीला ७३,००० च्या आसपास उतरला. त्या सहा महिन्यांत महाराष्ट्रातल्या माझ्या नातेवाइकांची आणि मित्रांची चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरत होती : एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा जाणारा ठरावीक हप्ता, चालू ठेवायची की थांबवायची? जानेवारी २०२५ मध्ये नव्या एसआयपींपेक्षा बंद झालेल्या किंवा मुदत संपलेल्या एसआयपींची संख्या जास्त भरली, तरी महिन्याला जमा होणारी रक्कम २६,००० कोटी रुपयांच्या वरच राहिली. एका बाजूचे म्हणणे असे की भाव उतरले म्हणजे त्याच पैशांत फंडाची जास्त युनिट्स मिळतात, तेव्हा पंधरा-वीस वर्षे हात लावू नका, दीर्घ मुदतीत बाजाराने कोणाला बुडवलेले नाही. दुसरी बाजू, बहुधा वयाने मोठी, मुदत ठेवी आणि सोने यांच्यावर ठाम होती. मी टोकियोत राहतो, पगार येनमध्ये घेतो आणि बचत थोडी भारतात, थोडी इथे गुंतवतो. पहिल्या बाजूचे ते शेवटचे वाक्य इथे बसून माझ्याच्याने उच्चारवत नाही.

टोकियोच्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ रोजी ३८,९१५ वर बंद झाला, आणि ती पातळी ओलांडायला २२ फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. मधे, मार्च २००९ मध्ये, तो ७,०५४ पर्यंत खाली गेला होता. चौतीस वर्षे म्हणजे एका माणसाची जवळजवळ अख्खी नोकरी. बरे, हे युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या किंवा कर्ज बुडवलेल्या देशात घडले नाही. याच काळात जपान जगाला मोटारी आणि यंत्रे विकत होता, त्याच्या गाड्या मिनिटाच्या हिशेबात धावत होत्या आणि त्याच्या कित्येक कंपन्या नफ्यात होत्या. चुकीचा होता तो सुरुवातीचा भाव. १९८९ च्या अखेरीस तिथले शेअर कंपन्यांच्या वार्षिक नफ्याच्या साठपटीच्या आसपास विकले जात होते आणि त्यांवर मिळणारा लाभांश जेमतेम अर्धा टक्का होता.

आमच्या विभागातल्या, निवृत्तीला आलेल्या एका सहकाऱ्यांच्या वडिलांनी एनटीटी या दूरसंचार कंपनीचे शेअर घेतले होते. सरकारी मालकीची ही कंपनी फेब्रुवारी १९८७ मध्ये बाजारात आली. सामान्य माणसांना सोडतीतून मिळालेल्या एका शेअरची किंमत ११ लाख ९७ हजार येन होती आणि दोनच महिन्यांत तो ३१ लाख ८० हजारांवर पोहोचला. वडिलांना एक शेअर सोडतीत लागला, आणि शेजारीपाजारी सगळेच घेत आहेत म्हणून त्यांनी दुसरा बाजारातून, जवळपास शिखराच्या भावाला घेतला. पुढे विभाजने होत होत त्या काळच्या एका शेअरचे दहा हजारांहून अधिक शेअर झाले. २०२४ मध्ये जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांनी मोबाइलवर वारसाहक्काने आलेले ते खाते उघडून दाखवले, तेव्हा एका शेअरचा भाव १५० येनच्या आसपास होता. गुणाकार करून पाहिला, तर सोडतीतल्या शेअरचे सदतीस वर्षांनी साधारण पंधरा लाख येन झालेले होते आणि बाजारातून घेतलेला अजून निम्म्यावरही आलेला नव्हता. लाभांश यात धरलेला नाही, हे खरे. पण कंपनी बुडालेली नाही, तिचा धंदा आटलेला नाही, आजही ती देशातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांत गणली जाते. चांगली कंपनी आणि चांगली गुंतवणूक या दोन गोष्टींमध्ये भाव नावाची तिसरी गोष्ट उभी असते, आणि तिच्याबद्दल आपल्याकडच्या चर्चेत फार कमी बोलले जाते.

भारताची गोष्ट वेगळी आहे, तरुण लोकसंख्या आहे, वाढ आहे, असे उत्तर मला हमखास मिळते. वाढ आहे, याबद्दल वाद नाही. पण आपल्याकडेही एप्रिल १९९२ मध्ये, शेअर दलाल हर्षद मेहताच्या तेजीत, सेन्सेक्स ४,४०० च्या वर गेला होता आणि अकरा वर्षांनी, एप्रिल २००३ मध्ये, तो ३,००० च्या आसपास होता. दरम्यान उदारीकरण झाले, माहिती तंत्रज्ञानाचा उद्योग उभा राहिला, देशाचे उत्पन्न वाढत राहिले. त्याच काळात, जुलै २००१ मध्ये, युनिट ट्रस्टने यूएस-६४ या आपल्या योजनेची युनिट्स गुंतवणूकदारांकडून परत विकत घेणे थांबवले आणि बँकेइतकीच सुरक्षित समजून त्यात पैसे ठेवलेल्या असंख्य मध्यमवर्गीय घरांची झोप उडाली. आज एसआयपीचे धडे देणाऱ्यांपैकी बरेच जण तेव्हा शाळेत असतील. आठवण नसणे हा दोष नाही, पण ज्या आलेखांच्या आधारे धडे दिले जातात ते २००३ नंतर किंवा थेट मार्च २०२० च्या तळापासून सुरू होतात, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असायला हवे.

एसआयपीचा एक गुण मात्र निःसंशय आहे. निक्केईत १९९० पासून दरमहा ठरावीक रक्कम घालणारा माणूस २०२४ च्या कितीतरी आधी फायद्यात आला होता, कारण त्याची बहुतेक खरेदी स्वस्त वर्षांत झाली. हप्ते खरेदीच्या भावाची सरासरी काढतात. विक्रीच्या दिवसाची सरासरी कोणी काढत नाही. दरमहा दहा हजार रुपये वीस वर्षे भरले आणि वर्षाला १२ टक्के परतावा मिळाला, तर २४ लाखांचे सुमारे एक कोटी होतात. हे गणित आता प्रत्येक विक्रेत्याला तोंडपाठ असते. एकोणिसाव्या वर्षी मात्र नवा हप्ता जमलेल्या रकमेच्या जेमतेम आठशेव्या भागाएवढा असतो, त्यामुळे पडलेल्या भावात जास्त युनिट्स मिळण्याचा फायदा तोपर्यंत नाममात्र उरतो आणि सगळी पुंजी बाजाराच्या एकाच झटक्यासमोर उघडी असते. २००८ या एका वर्षात सेन्सेक्स निम्म्याहून खाली आला. तसे वर्ष शेवटी आले तर कोटीचे पन्नास लाख होतात आणि वीस वर्षांचा परतावा पीपीएफ या सरकारी बचत योजनेच्या आजच्या ७.१ टक्क्यांच्याही खाली घसरतो. बाजार नंतर सावरतोही, पण मुलीचे प्रवेशशुल्क किंवा निवृत्तीची तारीख त्यासाठी थांबत नाही. म्हणून ‘चालू ठेवू की थांबवू’ या प्रश्नापेक्षा ‘हे पैसे कोणत्या वर्षी लागणार आहेत’ हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जे पैसे तीन-चार वर्षांत लागणार आहेत ते शेअरमधून हळूहळू काढून घ्यायला तेजीचीच वर्षे सोयीची असतात, आणि नेमके तेव्हाच कोणाला काढवत नाहीत.

फ्युचर्स आणि ऑप्शन्स, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावांवरचे सौदे, यांच्याबद्दल मी इथे लिहीत नाही. तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्त्यांनी त्यात पैसे गमावल्याचे बाजाराची नियामक असलेल्या सेबीनेच २०२४ मध्ये सांगितले आहे; त्याला गुंतवणुकीच्या चर्चेत बसवायचे कारण नाही.

जपानची भीतीही जशीच्या तशी भारतात नेता येणार नाही, हे मुदत ठेवीवाल्या काकांना सांगावे लागते. इथल्या घरांच्या वित्तीय संपत्तीचा निम्म्याच्या आसपास भाग अनेक वर्षे रोख आणि बँक ठेवींत पडून राहिला. मोठ्या बँकांत साध्या बचत खात्याचा दर कित्येक वर्षे ०.००१ टक्के होता, म्हणजे दहा लाख येनवर वर्षाला दहा येन. तरीही ते लोक वेडे नव्हते. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून जवळजवळ दीड दशक इथल्या किमती स्थिर राहिल्या किंवा किंचित उतरल्या, त्यामुळे पासबुकातल्या आकड्याची किंमत टिकून राहिली. भारतात किमती वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपास वाढत असतील, तर सात टक्क्यांची ठेव तीस टक्के कर भरणाऱ्याच्या हातात पाच टक्क्यांहून थोडे कमीच ठेवते. ती ठेव सुरक्षित असते ती रुपयांत. तिची खरेदीशक्ती जेमतेम जागेवर राहते. २०२२ पासून महागाई परतल्यावर जपानी घरांनाही हे जाणवू लागले, आणि जानेवारी २०२४ मध्ये सरकारने निसा ही करमुक्त गुंतवणूक योजना वाढवून वर्षाला ३६ लाख येन आणि आयुष्यभरात १ कोटी ८० लाख येन घालण्याची मुभा दिली. त्यानंतर सातच महिन्यांनी, ५ ऑगस्ट रोजी, निक्केई एका दिवसात १२.४ टक्के पडला आणि दुसऱ्या दिवशी दहा टक्क्यांहून अधिक वर आला. नवशिक्यांना इतक्या लवकर मिळालेला धडा उपयोगीच म्हणायचा.

या नव्या गुंतवणूकदारांचा बराच पैसा जपानी शेअरमध्ये जातच नाही. तो सगळ्या जगाचे किंवा अमेरिकेचे निर्देशांक पाळणाऱ्या फंडांत जातो. इथे यावर देशप्रेमाच्या सुरात टीकाही होते. पण १९८९ मध्ये ज्यांची नोकरी, बोनस, घराचे कर्ज आणि शेअर हे सगळे एकाच अर्थव्यवस्थेवर उभे होते, त्यांच्या मुलांना हा धडा घरातच मिळालेला आहे. पुण्यातल्या माझ्या चुलत भावाची स्थिती आज तीच आहे : पगार तिथला, फ्लॅट तिथला, फंड तिथले. त्याने बाहेर थोडे पाठवायचे ठरवले, तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे, पण स्वतः परदेशी खाते उघडून डॉलर पाठवण्याच्या खटाटोपात महिन्याला पाच हजार गुंतवणारा पडत नाही. त्याच्यासाठी सोयीचा मार्ग म्युच्युअल फंडांचा, आणि त्या सर्व फंडांच्या थेट परदेशी गुंतवणुकीला मिळून सात अब्ज डॉलरची मर्यादा आहे. ती २०२२ च्या सुरुवातीलाच गाठली गेली आणि अनेक योजनांना नवे पैसे घेणे थांबवावे लागले. परकीय चलनाची काळजी समजण्यासारखी आहे. मात्र ज्या देशात एसआयपीतून महिन्याला तीन अब्ज डॉलरइतके रुपये जमतात, तिथे ही मर्यादा दोन-सव्वादोन महिन्यांच्या हप्त्यांएवढी ठरते, आणि ती वाढवायची की नाही यावर घरच्या कुठल्याच चर्चेत मी अजून कोणाला तावातावाने बोलताना ऐकलेले नाही.