गडाजवळचं घर पाडणार, हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

मराठ्यांचे १२ किल्ले जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. तेव्हापासून गडांखालच्या गावांत एक मजकूर थोड्याफार फरकाने फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘किल्ला आता युनेस्कोच्या ताब्यात गेला. ३०० मीटरच्या आतली घरं पाडणार. साधं कौलही बदलू देणार नाहीत. नळ, संडास, वीज काही मिळणार नाही. देवळातली पूजाही बंद होईल.’

हे वाचून घाबरलेला माणूस जमीन पडेल भावाने विकून मोकळा होतो, आणि ती घेणाऱ्याने बहुतेक वेळा कायदा नीट वाचलेला असतो. म्हणून एकेक दावा घेऊ.

युनेस्कोचा ताबा. ही यादी १९७२च्या आंतरराष्ट्रीय कराराखाली चालते आणि यादीतल्या जागेवर त्या त्या देशाचं सार्वभौमत्व कायम राहील, असं त्याच करारात लिहिलंय. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ पासून यादीत आहे. लोकल आजही तिथून सुटतात आणि स्थानक रेल्वेचंच आहे. मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारती २०१८ला यादीत गेल्या. त्यांत लोक राहतात, घरं विकतात, भाड्याने देतात. गडावर कायदा चालतो तो भारताचा.

आता कायदा कोणता, हे आधी पाहायला हवं, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी हे केंद्रसंरक्षित. त्यांना १९५८चा केंद्राचा प्राचीन स्मारकांचा कायदा लागू. राजगड, साल्हेर, प्रतापगड आणि खांदेरी हे राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत, तिथे १९६०चा राज्याचा कायदा. मेसेजमधले ३०० मीटर केंद्राच्या कायद्यातून उचललेत. राजगडाच्या पायथ्याला ते कलम लागूच होत नाही. आणि केंद्राचं संरक्षण वरच्या आठही केंद्रसंरक्षित गडांना वारसा यादीच्या कितीतरी आधीपासून आहे. यादीत नाव आलं म्हणून हे अंतर नव्याने आलेलं नाही.

घरं पाडणार. केंद्राच्या कायद्यात ३०० मीटरचा एकच पट्टा नाही, दोन आहेत. संरक्षित हद्दीपासून पहिले १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. पहिल्यात नवं बांधकाम होत नाही. दुसऱ्यात परवानगी घेऊन नवं घरही बांधता येतं. १६ जून १९९२च्या आधी उभं असलेलं घर या अंतरात येतं म्हणून बेकायदा ठरत नाही. पाडापाडी होते ती अतिक्रमणाची आणि परवानगीशिवाय केलेल्या बांधकामाची. २०२५च्या सुरुवातीला राज्य सरकारने गडांवरची अतिक्रमणं काढायला जिल्हावार समित्या नेमल्या. ती मोहीम आणि हा कायदा लोकांनी एकत्र करून टाकलेत.

कौल बदलता येणार नाही. हे साफ खोटं आहे, आणि सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होतं. २०१०च्या दुरुस्तीने आलेलं कलम २०-ग सांगतं की प्रतिबंधित क्षेत्रातल्या जुन्या घराची डागडुजी आणि नूतनीकरण करता येतं, फक्त सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा परवानग्यांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करून. वासे कुजलेत, भिंतीला तडा गेलाय, कौलं फुटलीत, या सगळ्यासाठी अर्ज होतो. घर १९९२च्या आधीचं आहे हे दाखवायला जुनी घरपट्टीची पावती किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८चा उतारा शोधून ठेवावा. असे कागद पेटीत वर्षानुवर्षं पडून असतात. त्या अधिकाऱ्याने अर्ज १५ दिवसांत केंद्राच्या राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायला हवा. त्यांना मत द्यायला दोन महिने, पुढच्या निर्णयाला एक महिना. नकार द्यायचा तर तुमचं म्हणणं ऐकून, लेखी द्यावा लागतो. प्रत्यक्षात उशीर होतो, ही तक्रार रास्त आहे. पण अर्ज पडून राहिला तर दाद मागता येते. अर्जच केला नाही तर हातात काहीच उरत नाही, उलट विनापरवानगी काम केल्याबद्दल दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

नळ, संडास, वीज. ‘बांधकाम’ कशाला म्हणायचं, याची व्याख्या कायद्यात आहे आणि गटारं, सार्वजनिक शौचालयं, लोकांसाठीची पाणीपुरवठ्याची आणि वीजवाटपाची कामं त्या व्याख्येतून मुद्दाम वगळलेली आहेत. कुणी ‘पुरातत्त्वमुळे गावाला पाणी नाही’ म्हणालं, तर कोणत्या कलमाने अडलं ते लेखी मागा.

पूजा बंद. अंबरनाथचं शिवमंदिर आणि त्र्यंबकेश्वर, दोन्ही केंद्रसंरक्षित आहेत. दोन्हीकडे महाशिवरात्रीला काय गर्दी असते ते सगळ्यांना माहीत आहे. पूजास्थानाचा वापर त्याच्या स्वरूपाशी विसंगत कामासाठी होऊ नये, असं कलम १६ म्हणतं. म्हणजे ते देवळाच्या बाजूचंच आहे.

मात्र एक खरी अडचण या मेसेजमध्ये आलेलीच नाही. १०० मीटरच्या आतलं घर पावसात पुरतं कोसळलं, तर ‘पुनर्बांधणी’ला तिथे वाव नाही, परवानगी फक्त दुरुस्तीची. मोठा तट असो की एकटा बुरूज, अंतर तेच. गरीब कुटुंबावर हे फार जड पडतं आणि संसदेने हे बदलावं असं माझं ठाम मत आहे. भांडायचं तर या कलमावर भांडावं. दुसरी जागा म्हणजे वारसा उपविधी. त्या त्या स्मारकाभोवती काय, किती उंचीचं बांधता येईल ते त्यांत ठरतं आणि मसुद्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात. ग्रामसभेचा ठराव, घरांची यादी आणि नकाशा जोडून तिथे हरकत नोंदवता येते, तीही मराठीत.