जर्नल आहे म्हणून डिरेक्टरी बिघडत नाही? कुणी सांगितलं?

महापे-ऐरोली पट्ट्यात सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड पुन्हा फिरतोय: ‘ईएक्सटी-4 ला जर्नल आहे, डिरेक्टरी करप्ट होतच नाही. झालीच तर कर्नल लगेच सांगतो. सांगितलं की एफएससीके वाय मारून मोकळे व्हा.’ तीन वाक्यं आणि तिन्ही अर्धवट. (ईएक्सटी-4 ही लिनक्सची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली मांडून ठेवायची पद्धत; डिरेक्टरी म्हणजे फोल्डर; कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा; एफएससीके हे फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारं साधन, आणि त्याला ‘वाय’ दिलं की प्रत्येक दुरुस्तीला न विचारता ‘हो’.)

आधी जर्नल, म्हणजे होणाऱ्या बदलांची आगाऊ नोंदवही. एमआयडीसीत लाईट गेली, यूपीएसनं मान टाकली, तर अर्ध्यात राहिलेला मेटाडेटाचा (फायलींची नावं, जागा वगैरे माहितीचा) बदल एकतर पुरा करायचा किंवा सोडून द्यायचा, एवढंच जर्नलचं काम. डिस्कच्या कंट्रोलरनं भलत्याच ब्लॉकवर (डिस्कवरच्या जागेच्या तुकड्यावर) लिहिलं तर जर्नलला पत्ताही लागत नाही. रॅममध्ये बिट उलटला असेल, तर तो बिघडलेला ब्लॉकच जर्नल इमानेइतबारे डिस्कवर पोचवतं.

कर्नल तपासतो, हे मात्र खरं. डिरेक्टरीच्या प्रत्येक नोंदीत आयनोड नंबर (फाइलचा फाइल सिस्टिममधला क्रमांक), नोंदीची लांबी, नावाची लांबी, फाइलचा प्रकार आणि नाव असतं. वाचताना कर्नल बघतो: लांबीला 4 नं भाग जातो का, नाव त्यात मावतं का, नोंद ब्लॉकबाहेर सांडते का, आयनोड नंबर फाइल सिस्टिममधल्या एकूण आयनोडांपेक्षा मोठा तर नाही ना. लांबी 16 ची 18 झाली की जागीच पकडली जाते आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) ‘बॅड एंट्री इन डिरेक्टरी’ येतं.

पण आयनोड 5012 चा 5013 झाला तर? या सगळ्या कसोट्या पास! 5013 वर दुसरी चालू फाइल असेल, तर मार्चची बिलं उघडायला जाल आणि समोर येईल कुणाचं तरी पगारपत्रक. लॉगमध्ये चकार शब्द नाही. अशी चूक पकडायला मेटाडेटा चेकसम (ब्लॉकच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) लागतो. तो ईएक्सटी-4 मध्ये 2012 च्या 3.5 कर्नलपासून आहे, पण जुन्या व्हॉल्यूमवर (आधीच फॉरमॅट केलेल्या डिस्कच्या भागावर) आपोआप चालू होत नाही. चालू आहे का, ते ट्यून2एफएस या कमांडनं बघून घ्या. (बिट चेकसम काढायच्या आधीच रॅममध्ये उलटला असेल, तर तोही गप्पच.)

आणि ‘लगेच’ म्हणजे कधी? कर्नल तो ब्लॉक डिस्कवरून वाचेल तेव्हा. कुणी न उघडलेला बॅकअप फोल्डर वर्षभर बिघडलेला पडून राहू शकतो.

राहिलं वाय. माउंट असलेल्या (वापरासाठी जोडलेल्या) व्हॉल्यूमवर दुरुस्ती चालवणं हा शुद्ध आत्मघात. अनमाउंट करा, डिस्कची इमेज (जशीच्या तशी प्रत) काढा, मग एफएससीके ‘-एन’ देऊन चालवा. त्यात ते काहीच बदलत नाही, फक्त काय सापडलं ते सांगतं. ते नीट वाचा. डिरेक्टरीचा ब्लॉक गेला असेल, तर दुरुस्तीनंतर फायली लॉस्ट+फाउंड या फोल्डरमध्ये आयनोड नंबराच्या नावानं येऊन पडतात, मूळ नावं गेलेली असतात. मग कुठली फाइल कुणाची, हे एकेक उघडून बघत बसावं लागतं. इमेज हाताशी असेल तर निदान बिघडलेल्या ब्लॉकमधून जुनी नावं खरवडून तरी काढता येतात.